जवाईबापूंची चौकोनी माणसं

पिठाच्या गिरणीत पीठ कोणी मुद्दाम सांडत नाही. तरी संध्याकाळी ते भुवयांवर सापडतं. किस्स्यांचंही तसंच आहे. मी ते गोळा करायला कुठं जात नाही. माणसं दारात येतात, बोलतात, चुकतात, निघून जातात. मागं राहिलेलं साचत जातं. एकदा झटकून टाकावं म्हणून सांगतो.

तलमडुगूच्या बाजूला, आदिलाबादला जाणाऱ्या रस्त्यावर माझी गिरणी होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जे चालवलं ते हातानं चालवलं आणि कोणाच्या दारात उभा राहिलो नाही. माझ्या पोरीची, वंदनाची आई गेली तेव्हा गिरणी बंद केली. पट्टा मी चढवायचो, धान्य ती ओतायची. एकट्यानं दोन्ही झालं नसतं असं नाही. केलं नाही.

त्या खोलीत आता माझे जवाईबापू बसतात. हैदराबादच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर होते. कंपनीनं घरी पाठवलं. ते वंदनाला घेऊन आमच्याकडं आले, आणि जातो असं काही म्हणाले नाहीत. आमच्यात जवायाला "काऊन आले" विचारत नाहीत. "कव्हा जाता" तर विचारतच नाहीत. रागावणं दूरच. बसायला पाट द्यायचा, "तुमी" म्हणायचं, आणि जे बोलायचं ते पोरीमार्फत बोलायचं. ते समोर बसलेले असले तरी. मी म्हणतो, "वंदे, त्यांना सांग, पंखा बंद करा." ते उठून पंखा बंद करतात. वंदनाला तोंड उघडावं लागत नाही.

खोलीत बसून त्यांनी एक सॉफ्टवेअर बनवलं. त्यात फोटो टाकला की फोटोचे आपोआप चौकोन होतात. एका चौकोनाला एक रंग. तो कागद छापून मिस्त्रीला द्यायचा. मिस्त्री बाथरूमच्या टाइलचे तसेच चौकोनी तुकडे कापतो आणि घराच्या दर्शनी भिंतीवर बसवतो. बाप, आजा, नवं जोडपं, जे सांगाल ते. जवाईबापू त्याला पिक्सेल आर्ट म्हणतात. गाव त्याला चौकोनी फोटो म्हणतं. मिस्त्री आमचा राजन्ना. मूळचा बेज्जूरकडचा, घरी तेलुगू बोलतो, बाहेर मराठी आमच्यासारखीच बोलतो.

सॉफ्टवेअर चुकलं की जवाईबापू ते सुधारतात. सुधारलं की ते दुसरीकडं चुकतं. पण चूक सॉफ्टवेअरची कधीच नसते. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "मामाजी, फोटो खराब आहे."

मी खोली दिली तेव्हा वंदनामार्फत एकच अट घातली होती. वंदनाच्या आईचा फोटो आपल्या भिंतीवर लागला पाहिजे, आणि तिच्या वर्षश्राद्धाच्या आत लागला पाहिजे. तिचा नीट फोटो एकच आहे. कोणाच्या तरी लग्नातला. हातात बुंदीचं ताट, आणि फोटोवाल्यावर चिडलेली. एरवी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घ्यायची. त्या दिवशी ताटामुळं हात मोकळा नव्हता. म्हणून तोंड आलं, आणि हनुवटीवरचं गोंदणही आलं. हिरवे तीन ठिपके.

भिंतीवर तेवढी जागा आखून घेतली. टाइलनं धरावं म्हणून राजन्नानं तिथल्या प्लास्टरला छिन्नीनं टाचे मारून ठेवले. येणारा-जाणारा विचारायचा, भिंतीला काय झालं. मी म्हणायचो, जवाईबापूंना विचारा.

*

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचे माजी सरपंच. त्यांनी दिलेला फोटो हिरव्या मांडवाखाली काढलेला होता. मांडवाचा रंग तोंडावर पडला होता. आपण पाहिलं तर आपल्याला कळतं की माणूस हिरवा नसतो. सॉफ्टवेअरला ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं हिरवे चौकोन दिले, राजन्नानं हिरव्या टाइल लावल्या. फेटा पांढरा, दात पांढरे, बाकी सगळा माणूस विहिरीतल्या शेवाळासारखा.

माजी सरपंच संध्याकाळी आदिलाबादहून परत आले आणि स्वतःच्या घरासमोर उभे राहिले. आधी राजन्नाला धरलं. तुला डोळे नाहीत का, असं विचारलं.

राजन्ना थापी धूत होता. मान द्यायच्या कोणालाही तो पटेलच म्हणतो. "पटेल, कागदावर हिरवं होतं, मी हिरवं लावलो. कागदावर शिंगं राह्यली असती तर शिंगं बी लावलो असतो."

मग ते आमच्या खोलीत आले. जवाईबापूंनी मान वर न करता सांगितलं की फोटो खराब आहे.

"खराब?" माजी सरपंच म्हणाले. "हाच फोटो माह्या बॅनरवर होता. याच्यावरच मी निवडून आलो."

म्हणजे तेव्हा गावानंही नीट पाहिलं नव्हतं.

*

जवाईबापूंनी सुधारणा केली. तोंड दिसलं की कातडीचाच रंग लावायचा, मांडव कोणताही असो. आता कातडीचा रंग म्हणजे कोणता? टाइलवाल्याकडं दोन होते. एक गुलाबी, एक कॉफी. आमच्या गावाचा खरा रंग कॉफी. कापूस वेचताना डोक्यावर जे ऊन असतं त्यात गुलाबी काही टिकत नाही. पण गिऱ्हाइकापुढं दोन्ही तुकडे ठेवले तर एकानंही कॉफी उचलली नाही. तव्यासारखा माणूस गुलाबी तुकड्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हा माहा."

जवाईबापूंनी मग विचारणंच बंद केलं. सॉफ्टवेअरमध्येच गुलाबी करून टाकलं.

एका गल्लीत शेजारीशेजारी चार घरांवर चार माणसं लागली. चौघंही गुलाबी, काळी मिशी, पांढरा सदरा. त्यात किसन आणि देवराव होते. या दोघांची बांधावरून कोर्टात भांडणं. एकमेकांच्या सावलीतून जात नाहीत. किसननं वकिलाकडून देवरावला कडक नोटीस पाठवली.

पोस्टमन नवा होता, निर्मलकडचा. त्यानं गल्लीत येऊन चार भिंती पाहिल्या आणि समजला की हे चौघं भाऊ. देवरावच्या दाराला कुलूप होतं. त्यानं शेजारी किसनच्या हातात पाकीट दिलं. म्हणाला, तुमच्या भावाचं आहे, देऊन टाका.

किसननं ते उभ्याउभ्या फोडलं आणि वाचलं. वाचताना त्याला घाम फुटला. तसाच माझ्या ओट्यावर आला आणि पाणी मागितलं.

"काका," म्हणे, "असं लिहितात काय मानसाला?"

*

वंदनाच्या आईचाही कागद निघाला. गुलाबी. तीही त्या चार भावांची बहीण दिसत होती. मी म्हणालो, "वंदे, त्यांना विचार, ही कोन बाई हाय."

जवाईबापू म्हणाले, मामाजी, फोटो खराब आहे. पण कामाला लागले. त्यांनी म्हणे सॉफ्टवेअरला शिकवलं की फोटोत जे महत्त्वाचं असेल तिथं बारीक चौकोन द्यायचे आणि बाकी ठिकाणी मोठे. म्हणजे माणूस ओळखू येईल. रंगाचंही त्यांनी थोडं मनावर घेतलं. माझ्या घरासाठी तेवढी कॉफी सुरू केली.

महत्त्वाचं काय, हे मात्र सॉफ्टवेअरनं आपलं आपण ठरवायचं होतं.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. नवा ट्रॅक्टर घेतला होता. ट्रॅक्टरला हार, बाजूला नवरा, बाजूला बायको. कागद निघाला. ट्रॅक्टरचा दिवा आला, हाराचं फूल न् फूल आलं, मागची नंबरपट्टी वाचता येत होती. नवरा पाच-सहा चौकोनांत उरकला. बायको त्याहून कमी.

नवरा खूश. म्हणाला, मस्त, लावा. मी बायकोकडं पाहिलं. वाटलं, आता ही जवाईबापूंना दोन शब्द सुनावील. माझ्या वतीनंही होऊन जातील.

तिनं कागद उन्हात धरून नीट पाहिला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "घरात बी असंच हाय."

वंदनाच्या आईच्या कागदावर बुंदीचा दाणा न् दाणा आला होता. मला आत्ता खाता आली असती. ती मात्र ताटामागं कुठंतरी होती.

*

मग जवाईबापूंनी सॉफ्टवेअरला सांगितलं की महत्त्वाचं म्हणजे तोंड. ट्रॅक्टर नाही, बुंदी नाही. तोंड. हे आधी का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. जवायाला विचारत नाहीत.

तोंडं बरी यायला लागली. नाक आलं, डोळे आले. पण एका बाईच्या कपाळावरचं कुंकू गेलं. बारीक होतं, चौकोनात विरघळलं. राजन्नानं चित्र लावून टाकलं, बाया जमल्या आणि एकमेकींकडं पाहायला लागल्या. एकीनं तर घरात डोकावून पाहिलं. नवरा आतून जेवण सोडून बाहेर आला, हात खरकटा. वर पाहिलं, खाली जमलेल्या बाया पाहिल्या.

"जेवून राह्यलो ना मी," तो म्हणाला.

जवाईबापूंना पटलं. म्हणजे फोटो खराब होता हे पटलं. पण सुधारणा केली. सुधारणा अशी की तोंड दिसलं आणि कपाळ मोकळं दिसलं की एक लाल चौकोन आपोआप टाकायचा.

पुढचं गिऱ्हाईक होता हॉटेलवाला संतोष. त्याला लेकरूबाळ नाही. एक बोकड पाळला आहे, पांढराशुभ्र, नाव राजा. राजा हॉटेलात फिरतो, भजी खातो, त्याला कोणी हटकत नाही. संतोषनं त्याला मांडीवर घेऊन फोटो काढला होता. सॉफ्टवेअरला दोन तोंडं दिसली. त्यानं दोघांनाही कुंकू लावलं.

आता बोकडाला कुंकू कव्हा लावतात, हे आमच्याकडं कोणालाही सांगावं लागत नाही. भिंतीवर चित्र लागलं आणि संतोषच्या हॉटेलात गर्दी वाढली. माणसं चहा घ्यायची, राजाच्या पाठीवरून हात फिरवायची, मांडीचा अंदाज घ्यायची आणि हळूच विचारायची.

"मंग जेवायला कव्हा येऊ?"

संतोषनं काही दिवस बोकड घरात बांधून ठेवला. राजन्नाला बोलावून तो लाल तुकडा काढून पांढरा बसवला. स्वतःच्या कपाळावरचा राहू दिला. जवाईबापू म्हणाले, मांडीवर बोकड घेऊन कोणी फोटो काढतं का, मामाजी. फोटोच खराब आहे.

कुंकू मात्र त्यांनी आपोआप टाकायचं बंद केलं. ज्याला पाहिजे त्यानं सांगायचं.

*

राजन्ना कुरकुर करायला लागला होता. चौकोन फार बारीक, कापून कापून बोटं सोलली. जवाईबापूंनी चौकोन मोठे केले. मग जवळून पाहिलं तर काहीच कळेना. नुसत्या टाइल. लोकांनी विचारलं की जवाईबापू सांगायचे, जवळून नाही पाहायचं, लांब जाऊन पाहा. लांब जाऊनही नाही कळलं तर डोळे अर्धे मिटा. मग मेंदू आपोआप जोडतो.

गावातल्या गुरुजींनी वारलेल्या वडिलांचं चित्र लावून घेतलं होतं. त्यांच्या घरासमोर एक दिवस सकाळी सातआठ जण रस्त्याच्या पलीकडं ओळीनं उभे. सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले, माना थोड्या मागं. मध्ये जवाईबापू, तेही तसेच. कोणी म्हणे कान दिसून राह्यला. कोणी म्हणे तो कान नाही, टोपी हाय.

तेवढ्यात रस्त्यानं डोळे तपासणीच्या कॅम्पची गाडी चालली होती. जायचं होतं पुढच्या गावाला. ड्रायव्हरनं ही ओळ पाहिली आणि गाडी थांबवली. डॉक्टर खाली उतरले. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. टेबल मांडलं आणि ओळीतल्या पहिल्यापासून तपासायला सुरुवात केली. लोकही फुकट आहे म्हणून बसले.

त्या ओळीत एकच माणूस असा होता जो सकाळपासून म्हणत होता, "हुबेहूब हाय. बुढा आता बोलन."

त्याला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

*

चौकोन परत बारीक झाले. राजन्नानं बोटांना चिंध्या बांधल्या. पण बारीक चौकोनांत नवीन भानगड निघाली. जुन्या फोटोंवर जे काही असेल ते सगळं यायला लागलं. घडी, शाई, माशीनं बसून केलेलं काम, सगळं.

एका घरचा आजोबांचा फोटो पावसाळ्यात ओल लागून खराब झालेला. हा खरंच खराब होता. तोंडभर बुरशीचे ठिपके. सॉफ्टवेअरनं एकूण एक ठिपका उतरवला. भिंतीवर आजोबा लागले ते देवी उठलेले. जवाईबापू पहिल्यांदाच गडबडले. म्हणाले, काढून दुसरं करून देतो.

घरचे काढू देईनात. त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी चित्र पाहिलं आणि त्यांना सगळं आठवलं. बापाला देवी आल्या होत्या, अंगणात लिंबाचा पाला टाकला होता, त्याच पाणी द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावालाही आठवलं. आता तर सुनेलाही आठवतं. ती त्या घरात यायच्या आधी आजोबा वारले होते.

*

आणि मग जवाईबापूंनी ती सुधारणा केली, जिच्यासाठी त्यांनी एक दिवस वंदनाला न पाठवता स्वतः मला बोलावलं. खोलीत खुर्ची पुसून दिली.

"मामाजी, आता फोटोवरचा सगळा कचरा सॉफ्टवेअर आपोआप साफ करतं. डाग, बुरशी, काही राहत नाही. फक्त माणूस उरतो. मामींचा फोटो टाकला आहे. पाहा."

मी पाहिलं. खोटं कशाला सांगू, तीच होती. रंग तिचा होता. चिडलेली होती. काय काढून राह्यला, पोरीचा काढ, असं म्हणणारं तोंड बरोबर आलं होतं. ताट जागेवर होतं आणि बुंदी बुंदीएवढीच होती.

हनुवटी कोरी होती.

मी त्या हनुवटीवर बोट ठेवलं. मग म्हणालो, "वंदे, त्यांना विचार, गोंदण कुठी हाय."

वंदना मागं उभी होती. तिनं विचारलं नाही. ती बाहेर निघून गेली.

जवाईबापूंनी सांगितलं ते असं. सॉफ्टवेअरला ते तीन ठिपके डाग वाटतात. साफ करणं बंद केलं तर गोंदण येतं, पण त्याच्यासोबत फोटोवरचे बाकीचे डागही तोंडावर येतात. मग तिलाही देवी उठतात. गोंदण कसं असतं ते सॉफ्टवेअरला शिकवता येईल, पण त्यासाठी गोंदणाचे चांगले, जवळून काढलेले फोटो पाहिजेत. सॅम्पल. या फोटोत ते पुसट आहे. एकूण काय, मामाजी, फोटो खराब आहे.

राजन्ना दारात ऐकत होता. तो म्हणाला, कशाला एवढं, तीन हिरवे तुकडे मी हातानं लावतो. चहा पिऊन होईल.

"मग ते ऑटोमॅटिक काय राहिलं?" जवाईबापू म्हणाले.

मीही नको म्हणालो. हातानंच लावायचं होतं तर गिरणीची खोली कशाला दिली होती?

जवाईबापू मोबाइल घेऊन गावात सॅम्पल शोधत फिरले. गोंदण असलेल्या बाया आता म्हाताऱ्या. जवाई माणूस दारात आलेला पाहून त्या डोक्यावरून पदर ओढायच्या, चहा पाजायच्या आणि हनुवटी झाकून बसायच्या. एकीनं सांगितलं, मेल्यावर काढजा. त्यांनी पुष्कळ चहा प्यायला. फोटो एकही मिळाला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं. वंदनानं तो कोऱ्या हनुवटीचा कागद टाचे मारलेल्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावून ठेवला. निदान लोकांना कळावं की भिंतीला काय झालं आहे.

*

कापसाची वेचणी उरकत आली की मुधोळकडून एक गोंदणारी म्हातारी येते. दरसाल आमच्या लिंबाखाली बसते. पूर्वी सुया होत्या. आता बॅटरीवरचं मशीन आहे. तीही सुधारली. तोंडाची फटकळ आहे, चहात साखर कमी पडली तर कप परत करते.

या वर्षी ती आली, गाठोडं ठेवलं आणि समोरच्या भिंतीकडं पाहायला लागली.

"ही कोन पोरगी?" तिनं विचारलं. "लगन नाई झालं काय इचं?"

मी म्हणालो, "वंदनाची आई हाय."

ती उठली. कागदाजवळ गेली आणि अंगठ्यानं हनुवटी घासून पाहिली. "इले तं म्या लावलं होतं. दोनच लावाचे होते. रडली रडली, अन् मंग म्हने अजून एक लाव." ती माझ्याकडं वळली. "कुठी गेले?"

"जवायानं काढले," मी म्हणालो.

जवाईबापू खोलीच्या दारात उभे होते. हे वंदनामार्फत नव्हतं. ते त्यांनाही कळलं.

म्हातारीनं त्यांना आपादमस्तक पाहिलं. दागिने घरचे काढून घेतात, म्हणाली, पण माझं गोंदण जाळल्यावरही बाईसोबत जातं. यानं कसं काढलं?

जवाईबापूंनी तिला समजावलं. सॉफ्टवेअर, डाग, कचरा, सॅम्पल. आवाज शांत ठेवला. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं. तोवर बरीच माणसं जमली होती. थापी घेऊन राजन्ना होता, माजी सरपंच होते, संतोष होता, त्याच्या मागं राजा होता.

"म्हंजे तुले गोंदनाचा फोटो पाह्यजे," म्हातारी म्हणाली.

"हो."

"मंग हात दे."

जवाईबापूंनी वंदनाकडं पाहिलं. वंदनानं माझ्याकडं पाहिलं. सगळ्या गावासमोर जवायाचा मान राखणं माझं काम होतं.

"वंदे," मी म्हणालो, "त्यांना पाट दे."

वंदनानं पाट आणून लिंबाखाली ठेवला. जवाईबापू बसले. बसल्यावर त्यांनी म्हातारीला एकच विचारलं, पुढं काढायचं झालं तर निघतं का.

"माह्या मशिनीत एकच बटन हाय," ती म्हणाली. "लावाचं. काढाचं नाई."

मनगटाच्या वर तीन ठिपके. ते ओरडले नाहीत, एवढं सांगितलं पाहिजे. फक्त दात आवळून श्वास घेत होते. झाल्यावर म्हातारीनं फडक्यानं हात पुसला आणि चहा मागितला. साखर पुरे होती.

सूज उतरल्यावर जवाईबापूंनी स्वतःच्या हाताचा फोटो काढला. स्वतःच्या मोबाइलवर, अंगणात, चांगल्या उजेडात, हात पाटावर टेकवून. नीट आला. वंदनालाही दाखवला. तीन ठिपके ठसठशीत होते. मग खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर बसले. आम्ही मागं उभे राहिलो. शिकवायला म्हणून त्यांनी फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकला.

पडद्यावर चौकोन भरत गेले. बोटं आली, नखं आली, हाताखालचा पाट आला. मनगट आलं.

कोरं. स्वच्छ.

जवाईबापूंनी पडद्याकडं पाहिलं. हाताकडं पाहिलं. पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि अंगठ्यानं मनगट घासून पाहिलं.

राजन्ना दारातून म्हणाला, "फोटो खराब असन, पटेल."

जवाईबापूंनी टेबलावरून बुंदीच्या ताटाचा तो जुना फोटो उचलला. सदऱ्याच्या टोकानं पुसला. खिडकीजवळ नेला, आणि पहिल्यांदाच कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, बराच वेळ पाहिला.

"मामाजी," ते म्हणाले, "फोटो चांगला आहे."